होमगार्डला बंदोबस्ताची तारीख आधी कळावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात मिरवणुकीचे सविस्तर वृत्त येते आणि त्याच्या अखेरीस बंदोबस्ताचा तपशील दिलेला असतो. इतके अधिकारी, इतके पोलीस कर्मचारी, राज्य राखीव दलाची तुकडी आणि इतके होमगार्ड. त्या वाक्यातील शेवटच्या आकड्यात गेली चौदा वर्षे माझी मोजणी होते. मी कराड येथे राहतो, पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचे म्हणजे रिवायंडिंगचे काम करतो आणि कॉल आला की खाकी घालून बंदोबस्ताला उभा राहतो. या सेवेविषयी मला मनापासून आदर आहे आणि ती सोडण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. तरीही या सेवेतील एका गोष्टीमुळे माझ्यासारख्या अनेकांचे घर अडचणीत येते, आणि ती गोष्ट फारसा खर्च न करता सुधारण्यासारखी आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

होमगार्ड म्हणजे पोलीस भरतीत न निवडला गेलेला माणूस, असा समज अनेकांच्या मनात असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. तत्कालीन मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने ६ डिसेंबर १९४६ रोजी हे दल उभे राहिले. दंगलींच्या त्या काळात आपला रोजचा व्यवसाय सांभाळून पोलिसांच्या मदतीला येणारे नागरिक हवेत, अशी त्यामागची कल्पना होती. पुढच्याच वर्षी त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. या कायद्यानुसार कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला त्या वेळेपुरते पोलिसाचेच अधिकार व संरक्षण मिळते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशभर या दलाची एका धर्तीवर पुनर्रचना झाली. त्याच सुमारास आमच्या कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते. विसर्जनाच्या रात्री कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, त्यांच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर दोर धरून उभा असताना मला हे दरवर्षी आठवते आणि अंगातल्या गणवेशाचा अभिमान वाटतो.

आपला व्यवसाय सांभाळून, हे शब्द या सेवेचा पाया आहेत. होमगार्ड मासिक पगारावर नसतो. ज्या दिवशी बोलावले त्या दिवसाचा कर्तव्य भत्ता त्याला मिळतो, इतर दिवशी त्याने आपल्या कामधंद्यावर पोट भरायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ च्या निकालात होमगार्डना नियमित सेवेत घेण्याची मागणी मान्य केली नाही. मात्र तीस दिवसांचा कर्तव्य भत्ता पोलीस कर्मचाऱ्याच्या किमान वेतनाइतका व्हावा, अशा दराने तो द्यावा, असे सांगितले. आपल्या राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून हा भत्ता दिवसाला ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये झाला. त्याबद्दल आम्ही सर्वजण कृतज्ञ आहोत. परंतु ती बातमी वाचून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी १,०८३ ला तीसने गुणले आणि मला महिन्याला साडेबत्तीस हजार मिळू लागले असे गृहीत धरले. मला कधी एका महिन्यात अकरा दिवस मिळतात, तर त्यानंतरचे दोन महिने साप्ताहिक परेडशिवाय काहीच नसते. म्हणजे उरलेल्या दिवसांची मिळकत बाहेरच्या कामावर अवलंबून असते, आणि ते काम टिकते की जाते, हे बंदोबस्ताचा कॉल किती आधी येतो यावर ठरते.

काही वर्षांपूर्वीचा माझाच अनुभव सांगतो. त्या वेळी मी एका दुकानात कामाला होतो. एका शेतकऱ्याची पाणबुडी मोटार जळून आली होती, उसाची लागण नुकतीच झालेली होती आणि तिसऱ्या दिवशी मोटार द्यायची असे मालकांनी त्यांना सांगितले होते. जळकी तार काढून, खाचा साफ करून मी निम्मी कॉईल भरली होती. रात्री साडेनऊला मोबाईलवर निरोप आला की सकाळी सहा वाजता हजेरीला यायचे, बंदोबस्त बाहेरच्या जिल्ह्यात आहे, चार दिवसांची तयारी ठेवायची. रिवायंडिंगमध्ये प्रत्येक खाचेत तारेचे ठरावीक फेरे मोजून भरायचे असतात. निम्मे काम एकाच्या हातचे आणि निम्मे दुसऱ्याच्या हातचे असले की मोटार पुन्हा जळण्याची भीती राहते, म्हणून सहसा दुसरा कारागीर असे काम पुढे नेत नाही. मी परत आलो तेव्हा मी भरलेली सगळी तार कापून काढलेली होती आणि मोटार दुसऱ्या दुकानातून भरून गेली होती. मालक रागावले नाहीत. ते इतकेच म्हणाले, "तुझा हात चांगला आहे रे, पण तुझ्या भरवशावर गिऱ्हाइकाला तारीख देता येत नाही." त्या महिनाअखेर माझे तिथले काम सुटले. त्यांची बाजू मला आजही पटते, कारण धंदा करणाऱ्या माणसाला दुसरे काही म्हणता आले नसते.

आमच्या पथकातील एक ताई घरी शिवणकाम करतात. वर्षभरात त्यांना खरे पैसे मिळतात ते गौरी-गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात, आणि बंदोबस्ताची सर्वांत मोठी मागणीही त्याच सुमारास असते. आपल्याला कोणत्या दिवशी जावे लागणार आहे हे त्यांना आधी कळत नाही. त्यामुळे त्या एक तर काम घेत नाहीत, किंवा घेतले तर बंदोबस्तावरून आल्यावर रात्र रात्र मशीनवर बसतात. आमच्यात कोणी रिक्षा चालवतात, कोणी भाजीचा गाडा लावतात, कोणी खासगी कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. खंडित हजेरीमुळे कंत्राट गेलेले दोघे तिघे मला ठाऊक आहेत.

आता विचार असा आहे की ज्या बंदोबस्तांना आम्हाला बोलावले जाते, त्यांतले अचानक उद्भवणारे किती असतात? आमच्या सातारा जिल्ह्याचेच पाहा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते आणि तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढे जाते, तो कार्यक्रम फार आधी जाहीर झालेला असतो. पुसेगावचा सेवागिरी महाराजांचा रथ, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, पौषात पालच्या खंडोबाची यात्रा आणि मांढरदेवची काळूबाईची यात्रा, चैत्रात शिखर शिंगणापूर, नंतर गणेशोत्सव, नवरात्र, ईद, मोहरम हे सारे पंचांगात व दिनदर्शिकेत वर्षभर आधी छापलेले असते. निवडणुकीच्या मतदानाची तारीखही काही आठवडे आधी कळते. जी तारीख साऱ्या गावाला ठाऊक आहे, त्या तारखेचा निरोप होमगार्डला आदल्या रात्री मिळावा, यामागे कोणाचा वाईट हेतू आहे असे मी म्हणणार नाही. पोलिसांचे मनुष्यबळ अपुरे पडते, मागणी वरून उशिरा येते, ती कमी-जास्त होत राहते आणि आमच्या पथकाचे अधिकारीही आमच्यासारखेच मानसेवी असतात. तरीही तीन महिन्यांचा तक्ता आधी लावणे अशक्य आहे असे मला वाटत नाही. त्यात प्रत्येकाचे नाव, अंदाजे तारखा व ठिकाण असावे, दिवस सर्वांना सारखे वाटून मिळावेत आणि ऐन वेळी फार तर काही नावे बदलावीत. त्यासोबत कामाच्या ठिकाणी दाखवता येईल असे सही-शिक्क्याचे एक पत्र मिळाले तर मालकालाही आपले नियोजन करता येईल.

पूर, आग, दंगल यांना तारीख नसते, हे मी जाणतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आणि २०२० मध्ये टाळेबंदीच्या नाक्यांवर आम्ही निरोप मिळताच गेलो आणि पुढेही जाऊ. अशा वेळी कोणताही मालक अडवत नाही, उलट स्वतः गाडीवर आणून सोडतो, हे मी अनुभवले आहे. अडचण होते ती ठरलेल्या यात्रेसाठी अचानक निघावे लागते तेव्हा.

तारीख आधी ठरली तर आणखी एक फायदा होईल, आणि तो होमगार्डपेक्षा लोकांचा आहे. एकच माणूस दरवर्षी एकाच ठिकाणी पाठवता येईल. पालखीच्या वाटेवर लोणंदला माझा चौथा बंदोबस्त होता तेव्हाची गोष्ट आहे. चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणासाठी दिंड्या निघाल्या होत्या आणि सत्तरी ओलांडलेली एक आजी रस्त्याच्या कडेला तुळस कवटाळून रडत बसली होती. माझ्यासोबत पहिल्यांदाच आलेला एक तरुण होमगार्ड होता. त्याने आजींना गाव विचारले, मुलाचे नाव विचारले, मोबाईल नंबर विचारला, आणि त्या गांगरून गेल्या होत्या, काहीच सांगू शकत नव्हत्या. मी जवळ बसलो आणि एवढेच विचारले, "आजी, तुमची दिंडी रथापुढची की रथामागची? आणि नंबर कितवा?" तो नंबर त्यांना आपल्या नावासारखा पाठ होता. वारीत दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे त्यांची दिंडी कुठवर गेली असेल याचा अंदाज लगेच आला आणि अर्ध्या तासात त्या आपल्या माणसांत पोहोचल्या. मी काही विशेष केले नाही. पहिल्या वर्षी मलाही हा प्रश्न सुचला नव्हता, एका विणेकऱ्याने तो मला शिकवला होता. पण पुढच्या वर्षी मला दुसरीकडे पाठवले गेले आणि लोणंदला पुन्हा कोणीतरी नवखा उभा राहिला.

मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो भाविक मृत्युमुखी पडले, हे सातारा जिल्ह्यातला माणूस विसरू शकत नाही. कोणती वाट अरुंद होते, कोणत्या पायरीवर ओल असते, गर्दी मागून रेटा देऊ लागली की आधी कुठे थांबवायची, हे नकाशावरून समजत नाही, तिथे तीन-चार वर्षे उभे राहिल्यावरच समजते. पोलीस अधिकाऱ्यांची बदली होते. होमगार्ड मात्र त्याच तालुक्यात राहतो, तिथेच म्हातारा होतो. त्याचे हे ज्ञान वापरायचे असेल तर त्याला हजेरीच्या मैदानावर सकाळी सहाला रांगेत उभे करून, मोजून, गाडीत बसवून कुठेही पाठवण्याची पद्धत बदलावी लागेल.

दलात येणाऱ्या तरुणांचे उद्दिष्ट बहुधा वेगळे असते. तीन वर्षे सेवा केल्यावर पोलीस भरतीत होमगार्डसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, त्यासाठी ते सोळाशे मीटर धावून येतात आणि भरती झाली की जातात. त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे जे मागे उरतात आणि दर तीन वर्षांनी पुनर्नोंदणी करत राहतात, ते प्रपंच असलेले, चाळिशीकडे झुकलेले, हाताला काही कसब असलेले लोक असतात. दलाचा अनुभव त्यांच्यापाशी असतो आणि काम सुटण्याचा फटकाही त्यांनाच बसतो. माझ्यासोबत नोंदणी केलेल्या बावीस जणांपैकी आज सहाजण उरलो आहोत. गेलेल्यांपैकी पाच पोलीस दलात गेले, दोघांचे निधन झाले आणि बाकीच्यांतल्या बहुतेकांनी मला एकच कारण सांगितले, की आता कामावरून सुटी मिळत नाही.

येत्या पौषात पालची यात्रा आहे. यात्रेचा दिवस पंचांगात छापलेला आहे, मानकऱ्यांपासून पाळणेवाल्यांपर्यंत सर्वांची तयारी महिनाभर आधी सुरू होते. या एका यात्रेपुरती तरी होमगार्डची नावे व त्यांच्या जागा पंधरा दिवस आधी लावून पाहाव्यात, अशी संबंधित अधिकाऱ्यांना आपल्या दैनिकाद्वारे नम्र विनंती आहे. त्या आठवड्यात माझ्याकडे दोन मोटारी भरायला येणार आहेत. नाव लागलेले दिसले तर त्या मी आधीच्या आठवड्यात घेईन आणि यात्रेला निश्चिंत मनाने येईन.

आपला विश्वासू,
एक होमगार्ड, कराड