शिरोलीच्या फाउंड्रीतल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

परवा नोकरीचं पत्र आलं. क्वालिटी विभागात, ट्रेनी इंजिनिअर म्हणून. ज्यांनी माझ्यासाठी एक फोन फिरवायची तसदी घेतली नव्हती, त्यांनी कॉलेजच्या गेटवर लावायच्या फ्लेक्ससाठी लगेच माझा फोटो मागवून घेतला. तुम्हाला मात्र अजून काहीच कळलेलं नाही. फोनवर बोलायला लागले तर मला नीट बोलता येणार नाही, म्हणून हे जाहीर लिहितेय. तुमचा मुलगा वाचून दाखवेलच.

आम्हाला मेकॅनिकल डिप्लोमाला चौथ्या सेमिस्टरनंतर सहा आठवडे कारखान्यात जाऊन इनप्लांट ट्रेनिंग करायचं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. ते मिळवायला काय करावं लागतं ते मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कॉलेजातून उत्तर आलं, "कुठूनतरी पत्र आणा." एका कारखान्यात गेटवरच सांगितलं, मुली शॉपफ्लोअरवर घेत नाही. दुसऱ्या ठिकाणचे साहेब फार गोड बोलले. अमुक रक्कम भरा, यायची गरज नाही, सर्टिफिकेट घरपोच मिळेल. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांनी तेच केलं. त्यांच्या फायली माझ्यापेक्षा देखण्या आहेत, स्पायरल बाइंडिंग आणि रंगीत फोटोंसकट.

तुमच्याकडे, लोखंड ओतायच्या कारखान्यात, आले तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही ग्रीन सँडची, साचे करायच्या ओलसर वाळूची, मूठ माझ्या हातात दिलीत. "दाब. आता मोड. कड कशी मोडली बघ." मोडलेली कड धारदार राहिली पाहिजे, चुरा होता कामा नये आणि तळहाताला ओल लागता कामा नये. लॅबमध्ये मॉइश्चर टेस्टर होता, त्याचं रीडिंगही तुम्ही घ्यायला लावायचात, पण आधी हाताने अंदाज सांगायचा आणि मग आकडा बघायचा. तोवर सँडमधलं पाणी मी फक्त टक्क्यांतच शिकले होते.

पण मी हे पत्र लिहितेय ते रिजेक्शन रजिस्टरसाठी, बाद मालाच्या त्या नोंदवहीसाठी.

तुम्हाला आठवतही नसेल. जूनचा पाऊस लागला होता आणि पंपाच्या केसिंगमध्ये ब्लोहोल्स, म्हणजे ओतलेल्या लोखंडात राहिलेली पोकळ छिद्रं, निघत होते. रोज सकाळी फेटलिंगपाशी, ओतलेले तुकडे घासून साफ करतात तिथे, बाद तुकडे मांडून सगळे उभे राहायचे. मेल्टिंगवाले मोल्डिंगवर ढकलायचे, मोल्डिंगवाले सँडवर. मी मागे उभी. तुम्ही एकदम वळून विचारलंत, "तुला काय वाटतंय गं?" हसण्यावारी न्यायला विचारलं नव्हतंत, कारण विचारून थांबलात. मी चाचरत म्हटलं, शटरजवळच्या रॅकवरचे कोअर (साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे) हाताला दमट लागतात, आतल्या रॅकवरचे लागत नाहीत. कुणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत. उठून रॅकपाशी गेलात, दोन्हीकडचे कोअर हातात घेऊन बघितलेत, परत आलात आणि रजिस्टर ओढून विचारलंत, "आडनाव काय तुझं?" मग 'निरीक्षण' या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलंत. तुमच्या त्या जाड निळ्या अक्षरात, खाली तारीख.

सिलिकेटने वाळू बांधून केलेला कोअर पावसाळी हवेत ओलावा धरतो, त्यावर तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड पडलं की पाण्याची वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही तर ती कास्टिंगच्या पोटात घर करते. ही थिअरी मला पाठ होती. परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले होते. आपण हाताने पकडलेली गोष्ट कारखान्याच्या कागदावर आपल्या नावाने चढू शकते, हे मात्र तोवर मला कुणी दाखवलं नव्हतं. रॅक आत सरकवल्यावर रिजेक्शन उतरलं. त्यात सँडचं पाणी कमी केल्याचाही वाटा होता, हे तुम्ही त्याच दिवशी बजावलंत, म्हणून इथेही लिहिते.

मुलाखतीत ब्लोहोल्सची कारणं विचारली. मी यादी म्हटली नाही, त्या रॅकबद्दल सांगितलं. पुढचे सगळे प्रश्न मग त्यावरच निघाले.

हल्ली इंटर्नशिपचा बराच बोलबाला आहे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत डिप्लोमावाल्यांना महिन्याला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. पैसे मिळालेच पाहिजेत, गावाकडून येणाऱ्या पोरांचं जेवण आणि बसभाडं त्यातूनच निघतं. पण हजेरी लावून दिवसभर झेरॉक्स काढणारी मुलंही मी पाहिली आहेत. त्यांना विचारून थांबणारं कुणी भेटलं नाही, एवढंच. आणि असं थांबायला ना पदवी लागते ना बजेट. ऑफिसातल्या टॉयलेटची किल्ली माझ्यासाठी तुम्ही मागून घेतलीत, वितळलेल्या लोखंडाचं लॅडल येताना भट्टीवरचे दादा मला ओरडून नाही, खूण करून बाजूला करायचे, डब्यातली भाकरी न विचारता अर्धी पुढे यायची. चांगली माणसं चांगुलपणाचा बोर्ड लावून बसत नाहीत. आमच्याकडे बोर्ड मात्र बरेच आहेत.

एक तारखेला जॉइन होतेय. त्याआधी येऊन पेढे देईन, साखर जपून खा. आणि यंदा आमच्या कॉलेजच्या दोन मुली तुमच्याकडे ट्रेनिंगला येताहेत. स्टोअरमध्ये सेफ्टी शूज सातच्या खाली नसतात, मी मोजे दुमडून घालत होते. पाच नंबरचे दोन जोड आधीच मागवून ठेवायला सांगा.

तुमची,
मागच्या वर्षीची ट्रेनी