शिवाजी पार्कचा खजिना आणि बेवारस डबा

दादर, मुंबई
३ जानेवारी

प्रिय मित्रास,
स. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. धाकटीच्या दहाव्या वाढदिवसाला नाशिकहून नक्की येतो असे तू लिहिलेस, म्हणून तुला आता कामालाच लावतो. यंदा हॉल, जादूगार आणि फुगे हे सारे बाजूला ठेवून मुलांसाठी जिओकॅशिंगच्या धर्तीवर खजिन्याचा शोध ठेवायचा, असे आम्ही ठरविले आहे. आणि सह्याद्रीत जीपीएस हातात घेऊन वाटा शोधण्याचा सराव आपल्या मंडळींत एकट्या तुलाच असल्यामुळे, हा बेत तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय मला धीर येणार नाही.

खेळ तसा साधा आहे. एकाने डबा लपवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, दुसऱ्याने ते धरून डबा शोधायचा आणि आतल्या वहीत आपले नाव लिहायचे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी अमेरिकेने सर्वसामान्यांच्या जीपीएस संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, तेव्हा शंभर मीटरपर्यंत चुकणारी यंत्रे एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ओरेगनमधील बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर कळविला, आणि तेथून हा खेळ सुरू झाला. धाकटीला हे सांगितले तेव्हा, उपग्रह अमेरिकेचे आहेत तर अर्धा खजिना त्यांना द्यावा लागेल का, अशी तिला काळजी पडली.

परंतु ओरेगनचे रान वेगळे आणि शिवाजी पार्कचा कट्टा वेगळा, हे मला गेल्या रविवारी कळले. रंगीत तालीम म्हणून मी घरातला जुना स्टीलचा डबा काळ्या पिशवीत गुंडाळून कट्ट्यालगतच्या एका झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि चार पावले मागे सरून मोबाइलवरचे आकडे टिपू लागलो. तोच फिरायला आलेल्या एका आजोबांनी काठी रोखून विचारले, "तो डबा तुमचा का?" माझाच, असे म्हणताच ते म्हणाले, "मग उचला." मी निमूटपणे उचलला, कारण त्यांचे काहीच चुकले नव्हते. १९९३ चा मार्च आणि २००६ चा जुलै पाहिलेल्या या शहरात धनी नसलेल्या डब्याकडे संशयाने पाहणे हेच शहाणपण आहे. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे तर आपण मुलांना आगगाडीत बसवल्यापासून शिकवीत आलो. मग वाढदिवसाच्या दिवशी आपणच त्यांना झाडाखालचा अनोळखी डबा उघडायला सांगायचे, हे कसे चालेल?

म्हणून उघड्यावर एकही डबा ठेवायचा नाही, असे मी पक्के केले आहे. या खेळाचा एक टप्प्याटप्प्यांचा प्रकार आहे, त्यात मधल्या ठिकाणी काही लपविलेच पाहिजे असे नाही. तेथे जे आहे ते नीट पाहून उत्तर काढायचे आणि त्या आकड्यांतून पुढचा ठिकाणा जुळवायचा. आपल्याला तो सोयीचा पडेल. समर्थ व्यायाम मंदिरापाशी पहिला प्रश्न : मल्लखांबाचे प्रकार किती? पुरलेला, टांगता आणि दोरीचा, म्हणून ३. दुसरा प्रश्न महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी : पुढे केलेल्या हातात किती तलवारी आहेत? रोज तेथून जाणारी मुलेदेखील बेधडक एक म्हणतील आणि मान वर करून पाहिल्यावर चकित होतील, कारण तो हात मोकळा आहे; उत्तर शून्य.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र घरात मतभेद आहेत. हे मैदान लोकांना कोणत्या साली खुले झाले, ते कट्ट्यावरच्या एखाद्या आजोबांना विचारून त्या सालाचा शेवटचा अंक घ्यावा, असे मला वाटते. हिचे म्हणणे असे की, खरे साल १९२५ असले तरी बरेच जण १९२७ सांगतील, कारण माहीम पार्क हे नाव बदलून शिवाजी पार्क झाले ते त्या वर्षी, आणि मग मुले भलतीकडे जातील. मी हिशेब करून पाहिला. अक्षांशातील एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, सुमारे १८५२ मीटरचा, म्हणजे तिचा हजारावा भाग दोन मीटरहूनही कमी. हा अंक अगदी शेवटच्या स्थानी ठेवला, तर पाचाऐवजी सात आल्याने जेमतेम चार मीटरचा फरक पडेल, आणि तेवढी चूक तर मोबाइल मोकळ्या आकाशाखालीही आपणहून करतो. तेव्हा आजोबांचा प्रश्न राहू द्यावा. तुझे मत कळव; ते हिच्या बाजूने असले तर मला खासगीत कळव.

अंश-कलांवरून एक फजिती सांगतो. मोबाइलच्या नकाशाने मैदानाचा अक्षांश १९.०२६८ असा दशांशात दिला आणि मी तो १९ अंश २.६८ कला असा उतरवून घेतला. दशांशाला साठाने गुणायचे असते, म्हणजे खरा आकडा १९ अंश १.६१ कला, हे पंचांग पाहणाऱ्या आईने सांगितले तेव्हा लक्षात आले. तोवर माझा खजिना दोन किलोमीटर उत्तरेला, माहीमच्या खाडीपाशी पोहोचला होता.

शेवटचा टप्पा आमच्याच इमारतीत आहे. गल्लीत दोन्ही बाजूंनी उंच इमारती असल्याने उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि निळा ठिपका समोरच्या सोसायटीत नाचत राहतो. म्हणून तेथे आकडे न देता ओळींचे कोडे देणार आहे, त्याचे उत्तर जिन्याखालची आमची लाकडी पत्रपेटी. तुझी पत्रे सोडली तर हल्ली तिच्यात विजेच्या बिलाखेरीज काही पडत नाही. आत एक वही, एक शिसपेन्सिल आणि बारा लहान वस्तू : भोवरा, गोट्या, शंख, जुनी तिकिटे. प्रत्येक मुलाने घरून एक वस्तू आणायची, ती पेटीत ठेवायची आणि तेवढ्याच मोलाची दुसरी उचलायची, हा मूळ खेळातलाच नियम आहे. त्यामुळे परतभेटीच्या त्या चकचकीत पिशव्या आपोआप टळल्या. संक्रांत नुकतीच झालेली असेल म्हणून आई पेटीत तिळगूळ ठेवा म्हणते, पण खेळात खाऊ लपवू नये असा दंडक आहे आणि आमच्या जिन्यातल्या मुंग्या पाहता तो मला पूर्ण पटतो. तिळगूळ वर घरी मिळेल.

मुले बारा; चारचारांचे तीन गट करून प्रत्येकाबरोबर एक मोठा माणूस. मैदानात एकाच वेळी दहा ठिकाणी क्रिकेट चालू असते आणि चेंडूला वाढदिवस कळत नाही, म्हणून मधून कोणी जायचे नाही, कट्ट्याकट्ट्यानेच चालायचे. चार वाजता निघाले की उजेड असेतो सारे घरी येतील. एक गट माझा, एक हिचा आणि तिसरा तुझा.

शनिवारी सकाळच्या गाडीने आलास तर दुपारपूर्वी आपण दोघे एक फेरी मारून आकडे पुन्हा तपासू. तुझे हातातले यंत्र आण, आणि त्याचे सेलही आण. मागच्या खेपेस ते विसरला होतास. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
दादरकर मित्र