गावांची दिवाबत्ती आणि ग्रहमालांचा अभ्यास : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गिरवली वेधशाळेच्या परिसरातील गावांत वरून झाकलेले, पिवळसर उजेडाचे पथदिवे बसविण्याबाबत.

महोदय,

मी जुन्नर तालुक्यातील एका गावात राहणारा निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. हिवाळ्यातल्या रात्री गच्चीवर आठ इंची दुर्बीण आणि कॅमेरा लावून मी ताऱ्यांचा प्रकाश मोजतो. गावांची दिवाबत्ती आपल्या खात्याच्या अखत्यारीत येते आणि माझ्या मोजणीचा तिच्याशी थेट संबंध आहे, म्हणून हे पत्र.

सारथी तारकासमूहात, सुमारे १४०० प्रकाशवर्षांवर, ‘वास्प-१२’ नावाचा तारा आहे. गुरूहून मोठा एक ग्रह त्याच्याभोवती अवघ्या २६ तासांत फेरी पूर्ण करतो. तरुण ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चकती असते. चिलीतील ‘आल्मा’ दुर्बिणीने २०१४ साली ‘एचएल टौरी’ या ताऱ्याभोवतीच्या अशा चकतीतली कडी स्पष्ट टिपली. गुरूसारखे ग्रह या चकतीच्या बाहेरच्या थंड भागात वाढतात असे मानले जाते. मग हा ग्रह ताऱ्याला इतका खेटून कसा? तो दूर जन्मला आणि नंतर आत सरकला, हेच उत्तर सर्वात पटणारे आहे. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांना ५१ पेगासी या ताऱ्याभोवती सव्वाचार दिवसांत फिरणारा ग्रह सापडला, तेव्हापासून ग्रहमाला जन्मतात तशाच राहतात ही समजूत मागे पडली.

वास्प-१२ च्या ग्रहाचे सरकणे तर अजून चालूच आहे. चंद्र समुद्रात उठवतो तशी तो आपल्या ओढीने ताऱ्यावर भरती उठवतो, तिच्यापायी त्याच्या कक्षेतली ऊर्जा खर्ची पडते आणि फेरीचा काळ दर वर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी घटतो. हा फरक नगण्य वाटेल, पण वर्षाला ३३५ फेऱ्या होतात आणि फरक साचत जातो, त्यामुळे दहा वर्षांत ग्रहाचे अधिक्रमण, म्हणजे ताऱ्यासमोरून जाणे, जवळपास आठ मिनिटे आधी होऊ लागते. आठ मिनिटे गच्चीवरूनही मोजता येतात. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तीन तास ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने उतरतो. तेवढा उतार अचूक वेळेसह नोंदवला की झाले. शिवाय आपल्याकडे रात्र असते तेव्हा अमेरिकेत आणि चिलीत दिवस असतो, म्हणून आपल्या रात्री घडणारी अधिक्रमणे तिथल्या दुर्बिणींना दिसूच शकत नाहीत. ती आपणच नोंदवायची असतात, आणि भारतातल्या काळोख्या जागांचे मोल त्यामुळे फार आहे.

गेल्या जानेवारीत मी याच ताऱ्याची मोजणी करत बसलो होतो. काही दिवसांपूर्वी घरापासून दोनशे मीटरवर हायमास्ट उभा राहिला होता. पहाटेपर्यंत फोटो घेतले, पण आलेखावर जिथे दीड टक्क्याची घळ दिसायला हवी होती तिथे नुसते विखुरलेले ठिपके आले. आकाशाचा उजेड गणिताने वजा करता येतो, त्याची चलबिचल वजा करता येत नाही. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश अधिक असतो आणि हवेत तोच जास्त विखुरतो. माझ्या गच्चीचे सोडून द्या. पण आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण २००६ पासून याच पट्ट्यात, गिरवलीच्या डोंगरावर उभी आहे, आणि भोवतालच्या गावांतला प्रत्येक उघडा दिवा तिच्या आकाशात भर घालतो.

गावकऱ्यांनी दिवे मागितले ते हौसेने नव्हे. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, आणि रात्री पाण्याची पाळी धरायला जाणाऱ्याच्या घरची माणसे तो परत येईपर्यंत झोपत नाहीत. या भीतीला तोंडदेखले उत्तर देऊन चालणार नाही, आणि दिवे काढा असे मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण हायमास्टच्या झगझगाटातून उसाच्या कडेकडे पाहिले की डोळे दिपतात आणि कडेचा अंधार अधिकच दाट वाटतो, हे मी त्याच चौकात उभा राहून पाहिले आहे. वरून झाकलेल्या दिव्याचा आकाशात वाया जाणारा उजेड रस्त्यावर पडतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचे काळोखे आकाश जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोली यांसारख्या लगतच्या गावांतले दिवे जमिनीकडे वळवले गेले आणि गावे अंधारात गेली नाहीत. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला व्यत्यय येऊ नये म्हणून आपले शासन पूर्वीपासून काळजी घेत आले आहे. दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीसाठी मागणे याहून सोपे आहे.

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांच्या अंदाजपत्रकांत आणि निविदांत तीन अटी घालाव्यात, ही माझी विनंती आहे. दिव्याला वरून व बाजूंनी झाकण असावे, प्रकाश पिवळसर असावा, म्हणजे दिव्यावर लिहिलेला रंगाचा आकडा ३००० केल्विनपेक्षा जास्त नसावा (आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा), आणि हायमास्टला रात्री अकरानंतर उजेड निम्मा करणारी सोय असावी. चालू दिवे आजच बदलावेत असे नाही. नादुरुस्त होतील तसतसे नव्या अटींप्रमाणे बसवले तरी चालेल.

सुरुवात आमच्याच चौकातल्या हायमास्टपासून करावी. झाकण बसवण्यापूर्वी एक रात्र आणि नंतर एक रात्र मी त्याच गच्चीवरून त्याच ताऱ्याची मोजणी करीन आणि दोन्ही आलेख गटविकास अधिकाऱ्यांकडे जमा करीन. सारथी डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री डोक्यावर असतो, त्यामुळे आदेश दिवाळीपूर्वी निघाल्यास हाच हंगाम साधता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. जुन्नर, जि. पुणे