हमरस्त्याच्या तावडीतून सुटलेले चर्च

संपादक महोदय,

पर्यटन पुरवणीत फ्रान्सवर लेख आला की तो आयफेल टॉवर, लूव्र आणि फार तर मों-सें-मिशेल एवढ्यावर आटोपतो. लहान गावांची बोळवण ‘टुमदार’, ‘निसर्गरम्य’ अशा दोन विशेषणांत होते. म्हणूनच ल्वार नदीकाठच्या ला शारिते-सुर-ल्वार या गावाबद्दल लिहीत आहे.

१०५९ साली फ्रान्समधल्याच क्ल्युनी या बड्या ख्रिस्ती मठाच्या साधूंनी इथे मठ स्थापन केला. मठाचे चर्च इतके विशाल झाले की क्ल्युनीच्या खालोखाल याचेच नाव घेतले जाई. ११०७ मध्ये खुद्द पोप दुसरे पास्काल यांच्या हस्ते ते देवाला अर्पण झाले. स्पेनमधल्या सान्तियागोला पायी निघालेले यात्रेकरू इथे मुक्कामाला थांबत. १४२९ च्या हिवाळ्यात जोन ऑफ आर्कने गावाला वेढा घातला, पण गाव काही हाती लागले नाही. १५५९ च्या आगीने मात्र घात केला. पाठोपाठ कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धे आली आणि चर्चचा मधला भाग पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिलाच नाही.

आज सेंत-क्रुआ मनोरा एका टोकाला, चर्च दुसऱ्या टोकाला आणि मधे उघडा चौक. त्या चौकात उभे राहिले म्हणजे आपण जुन्या चर्चच्या आतच असतो, फक्त डोक्यावर छप्पर नसते. उत्तरेकडच्या कमानींच्या पोटात लोकांनी घरे बांधली. खाली साधे दार-खिडकी, वर मध्ययुगीन दगडी कमान! मनोऱ्याच्या दारावर मेरीमातेचे शिल्पपट्ट अजून जागच्या जागी आहे. त्याचा जोडीदार चर्चच्या आत हलवला आहे.

आणि हेही उरले नसते. एकोणिसाव्या शतकात थेट या चर्चमधून हमरस्ता काढायचा घाट घातला गेला होता. ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक, कथालेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी तो हाणून पाडला आणि १८४० मध्ये वास्तूला सरकारी संरक्षण मिळाले. क्ल्युनीच्या नशिबी असा कैवारी नव्हता. राज्यक्रांतीनंतर तिथले महाचर्च विकले गेले, दगडांसाठी पाडले गेले; जेमतेम दहावा हिस्सा शिल्लक आहे. ला शारितेचे चर्च मात्र १९९८ पासून सान्तियागोच्या यात्रामार्गांसोबत जागतिक वारसा यादीत आहे. एका अधिकाऱ्याने वेळेवर पाय रोवले, त्याचे हे फळ.

घरे हटवून चर्च पुन्हा अखंड बांधावे, असे कुणाला वाटेल. मला ते अजिबात पटत नाही. आग, युद्धे आणि नंतर तिथे थाटलेले संसार, हे सगळे त्या भिंतींवर वाचता येते. नवा दगड ते पुसून टाकील.

गाव आडवाटेलाही नाही. पॅरिसहून नेव्हेरकडे जाणारी रेल्वे इथे थांबते. २००० सालापासून हे पुस्तकांचे गाव म्हणूनही ओळखले जाते. जुन्या पुस्तकांची दुकाने गल्लीबोळांत आहेत. आपली मंडळी सहलीला पॅरिसपर्यंत जातातच, त्यांनी एक दिवस इकडे जरूर काढावा. पुरवणीतही अशा गावांना नियमित जागा मिळावी, आणि छायाचित्राइतकीच जागा ती वास्तू कुणी, कशी वाचवली या हकिकतीला द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा