रंगावर जाऊ नकोस

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली शंखांची डबी उघडल्या उघडल्या मी फोनवर जे छातीठोकपणे सांगितलं, ते आधी मागे घेतो. "दोन काळे एका जातीचे, फिकट जाळीदार आहे तो दुसऱ्या जातीचा, आणि झिजलेला चौथा सोडून दे" असं मी म्हणालो होतो. गेल्या चार रात्री ते चारही शंख दिव्याखाली घेऊन बसलो आहे. निघालं ते नेमकं उलटं. दोन काळ्यांचं एकमेकांशी जवळचं नातं नाही, आणि छोटा काळा व फिकट जाळीदार हे दोघे सख्खे आहेत. तू माझ्या शब्दावर विसंबून चिठ्ठ्या चिकटवल्या असशील तर त्या आजच काढून टाक. चुकीची चिठ्ठी डबीत राहिली की पुढे तीच खरी मानली जाते.

चूक कशी झाली ते नीट सांगतो, कारण त्यातच सगळं आहे.

हे ऑलिव्ह शंख आहेत याबद्दल शंका नव्हती. हातात घेतल्यावर ते ओले असावेत असं वाटतं इतके गुळगुळीत. ही चकाकी कुणी पॉलिश केलेली नसते. जिवंतपणी या गोगलगायीच्या पायाच्या दोन्ही बाजूंच्या पाळ्या वर येऊन शंखाला जवळजवळ पूर्ण लपेटून घेतात, त्यामुळे वाळू त्याला घासत नाही. इतर पुष्कळ शंखांवर खरबरीत साल असते, ती यांच्यावर नसतेच. तोंड लांब आणि अरुंद, वरपासून खालपर्यंत गेलेलं, कळस बुटका. तोंडाच्या आतल्या बाजूला, मधल्या खांबावर, आडव्या-तिरप्या वळ्या.

पण या वर्णनावर भागत नाही. एक काम तू स्वतः कर. बारीक सुई घे आणि कळसाकडे दोन वेढे जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यावरून हलकेच फिरव. ती अडकेल आणि एका अरुंद खोल चरातून घरंगळत पुढे जाईल. हा चर फार महत्त्वाचा. जिवंत प्राण्याच्या प्रावाराचा, म्हणजे शंख घडवणाऱ्या मऊ आवरणाचा, एक दोऱ्यासारखा तंतू त्यात बसलेला असतो. अँसिला नावाचे शंख लांबून असेच तुकतुकीत दिसतात, पण त्यांचा सांधा लेपाखाली बुजलेला असतो, सुई कुठेच अडकत नाही. ऑलिव्हेला म्हणजे याच कुळातली छोटी भावंडं. त्यांच्या पायावर पातळ झाकण असतं, ऑलिव्हाला ते नसतं. रिकाम्या शंखावरून झाकण होतं की नव्हतं हे कळणार नाही, म्हणून जिवंत दिसला तर आधी तेवढं बघून घेत जा. आणि अ‍ॅगॅरोनियाचं तोंड खाली पसरट, कळस टोकदार, खांबावरच्या वळ्या थोड्या. तुझे चारही शंख या चाळण्यांतून सरळ पार पडले. वंश ऑलिव्हा, इथपर्यंत ठीक.

माझी घसरण इथून सुरू झाली. काळा आणि काळा शेजारी ठेवले आणि डोळ्यांनी निकाल देऊन टाकला.

तिसऱ्या रात्री सहज म्हणून शंख उलटे करून बारीक टॉर्चचा झोत तोंडात टाकला. मोठा काळा आतून पांढराशुभ्र, दुधासारखा. छोटा काळा आतून गडद तपकिरी, कडेला जांभळट. मग फिकट जाळीदार उचलला. बाहेरून हस्तिदंती, त्यावर राखाडी जाळी, आणि आत तोच गडद तपकिरी रंग! मी टॉर्च बंद करून पुन्हा लावला. मग मापं घेतली. मोठा काळा ४७ मिलिमीटर लांब, २१ रुंद. छोटा काळा २९ आणि साडेबारा. फिकट ३१ आणि १३. मोठ्याचा कळस अगदी बसका आणि जाड लेपाने झाकलेला, जणू कुणी त्यावर मेण ओतलंय. बाकी दोघांचे कळस त्यामानाने उघडे, वेढे मोजता येतात. खांबावरच्या वळ्यांची ठेवणही त्या दोघांची जुळते, मोठ्याची जुळत नाही.

माझा आजचा निर्णय असा: मोठा तो ऑलिव्हा विडुआ, आणि छोटे दोघे ऑलिव्हा ऑलिव्हा. दोन्ही जाती हिंदी आणि प्रशांत महासागरात पसरलेल्या, दोन्ही वाळूतल्या, आणि दोन्हींत फिकटापासून काळ्याकुट्टापर्यंत सगळ्या छटा सापडतात. म्हणजे काळा रंग ही त्यांची ओळख होऊच शकत नाही. आतला रंगसुद्धा मी एकटा पुरावा म्हणून धरला नसता. तो, कळस, वळ्या आणि आकारमान अशा चार गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या म्हणून धीर केला.

रंग इतका का बदलतो, हे मला सगळ्यात मोहवणारं वाटतं. शंख वाढतो तो फक्त ओठाच्या कडेने. तिथल्या पेशी रंग सोडतात किंवा थांबवतात, आणि जे एकदा उमटलं ते तसंच गोठतं. त्यामुळे शंखावरची नक्षी म्हणजे त्या कडेवर काय काय घडत गेलं याची रोजनिशी असते. ऑलिव्हा पोर्फिरियावर तंबूसारखे त्रिकोण दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ हान्स माइनहार्ट यांनी गणिताने दाखवलं की रंग चालू करणारा आणि तो दाबणारा असे दोन घटक एकमेकांवर कुरघोडी करत राहिले, तर अशा रेषा आपोआप उमटतात. दोन लाटा कडेवरून समोरासमोर धावत आल्या आणि आदळून विझल्या, की त्रिकोणाचं टोक तयार. त्या ओढाताणीत थोडा फरक पडला तरी नक्षी पार पालटते. शिवाय हा प्राणी दिवसाचा बराच वेळ वाळूत पुरलेला, रात्री बाहेर पडून शिंपल्यांची शिकार करणारा. त्याच्या अंगावर नक्षी कोणती आहे हे बघतं कोण?

माणसांनी मात्र बघितलं, आणि प्रत्येक छटेला नाव दिलं. या वंशात नावांचा जो ढीग साचलाय त्याचं मूळ हेच. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये ऑलिव्ह शंख 'व्होल्यूटा' या मोठ्या गोणीत टाकले होते, कारण खांबावर वळ्या असलेलं जवळजवळ सगळं त्याने तिथेच भरलं. १७८९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रूगिएरने ऑलिव्हा हा स्वतंत्र वंश केला. म्हणून नाव लिहिताना ऑलिव्हा ऑलिव्हा (लिनियस, १७५८) असं लिहितात. तो कंस शोभेचा नाही. त्याचा अर्थ असा की लिनियसने जात सांगितली खरी, पण दुसऱ्या वंशात. चिठ्ठीवर कंस विसरू नकोस. एकच शब्द दोनदा आलाय म्हणून ती लिहिण्यातली चूकही समजू नकोस, प्राण्यांच्या नावांत हे चालतं.

विडुआची कथा तर फारच बोलकी आहे. हॅम्बुर्गचे डॉक्टर बोल्टेन वारल्यावर त्यांच्या संग्रहाच्या विक्रीसाठी १७९८ मध्ये रोडिंगने यादी छापली. विक्रीची यादीच ती, पण तिच्यात शेकडो नवी नावं होती. तिच्या प्रती दुर्मीळ, त्यामुळे पुढच्या पिढ्यांतल्या बहुतेकांनी ती पाहिलीच नाही. १८११ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने तेच शंख आपल्या नावांनी मांडले आणि त्याची नावं शंभर वर्षं चालली. मग यादी पुन्हा उजेडात आली, आणि ज्याचं नाव आधीचं ते खरं या नियमाने लामार्कचं मौरा गेलं, रोडिंगचं विडुआ आलं. एरिथ्रोस्टोमाचं मिनिएसिया झालं, टेक्स्टिलिनाचं सेरिसिया. जुन्या पुस्तकातली नावं तुला सापडेनात, ती यामुळे. आता गंमत बघ. विडुआ म्हणजे विधवा, मौरा म्हणजे काळी. दोघांनाही काळाच शंख दिसला असणार. त्याच जातीच्या पिवळ्या शंखांना ऑराटा म्हणजे सोनेरी आणि दालचिनी रंगाच्यांना सिनॅमोमिया असं म्हटलं गेलं. मी परवा फोनवर केलं ते याहून निराळं नव्हतं.

या गुंत्यातून वाट काढायचा सगळ्यात चिकाटीचा प्रयत्न बर्नार्ड टुर्श यांचा, असं माझं मत. हे बेल्जियमचे रसायनशास्त्रज्ञ. १९८०च्या दशकापासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रंग बाजूला ठेवून शंख मोजायला घेतले. २००१ मध्ये टुर्श आणि डीटमार ग्राइफेनेडर यांनी ते काम एकत्र मांडलं. त्यांचा भर होता कळसाच्या अगदी टोकावरच्या बाळशंखावर. अळी पाण्यात असताना तो तयार होतो. वाळूत उतरल्यानंतर तिने काय खाल्लं, ती कुठे वाढली, याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्याचे वेढे मोजायचे, रुंदी मोजायची, शंभर शंखांचे ठिपके कागदावर मांडायचे. ठिपक्यांचे दोन पुंजके होऊन मध्ये रिकामी जागा राहिली तर दोन जाती मानायला आधार, नाहीतर नाही. एका देखण्या शंखावरून नवी जात जाहीर करण्यापेक्षा हे मला शतपटीने प्रामाणिक वाटतं. छोट्या काळ्याचा बाळशंख शाबूत आहे. फिकटाचं टोक मात्र उडालंय, म्हणून तेवढा पुरावा माझ्याकडे अजून नाही.

वर्गीकरणाच्या वरच्या पायऱ्याही स्थिर नाहीत बरं का. पूर्वी अँसिलासकट सगळे एकाच ऑलिव्ह कुळात मोडत. २०१७ मध्ये यूरी कांतोर आणि सहकाऱ्यांनी शरीररचना आणि डीएनए एकत्र तपासून त्या मोठ्या गटाची पाच कुळं केली, आणि अँसिलाची मंडळी वेगळी झाली. म्हणजे सुई जिथे अडकत नव्हती तिथे खरोखरच घर बदलत होतं! मला याचा मनापासून आनंद झाला.

आता तुझं काम. डबीत तू फक्त "ओहोटी, सकाळ" एवढंच लिहून ठेवलं होतंस. पुढच्या वेळी प्रत्येक शंखाला वेगळा क्रमांक दे, आणि तारीख, नेमकी जागा, वाळू बारीक की भरड, पाणी किती खोल, शंख जिवंत होता, रिकामा होता की आत खेकडा राहत होता, हे सगळं तिथल्या तिथे पेन्सिलीने लिही. शाई ओलीत पसरते. खेकड्याने शंख कुठूनही ओढून आणलेला असू शकतो, त्यामुळे ते खास लिही. जिवंत असेल तर पाय, पाळ्या, वाळूतून वर आलेली नळी यांचे फोटो काढ आणि त्याला तिथेच वाळूवर ठेव. काही क्षणांत तो पुढच्या पायाने वाळू उकरत आत जाईल, ते बघण्यासारखं असतं. आणि टोक न उडालेला एखादा रिकामा फिकट शंख मिळाला तर मला हवाच आहे.

राहता राहिला तो चौथा. त्यालाही मी सोडून दिलेलं नाही. आतला रंग उडालाय, कळस घासून सपाट झालाय, वळ्या बोटाला लागतात पण मोजता येत नाहीत. एका रात्री त्याला विडुआ म्हणावंसं वाटलं आणि मी चिठ्ठी लिहायलाही घेतली होती. ती फाडली. आता त्याच्या चिठ्ठीवर "ऑलिव्हा, जात अनिश्चित" एवढंच आहे, खाली तुझं नाव, आणि जागेसाठी सोडलेली कोरी ओळ. तुला आठवत असेल तर तेवढी भरून पाठव.

तुझाच