डबी १९६८ची, डिस्क १९६२ची

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘कुरोतोकागे’ची चुकीची ब्लू-रे मिळाल्याबद्दल आणि ती बदलून देण्यास नकार दिल्याबद्दल.

महोदय,

गेल्या महिन्यात मी तुमच्या साइटवरून ‘कुरोतोकागे’ (काळा सरडा) या जपानी चित्रपटाची ब्लू-रे मागवली. किंमत २,३४० रुपये, पैसे आधीच भरलेले. साइटवर स्पष्ट लिहिलं होतं : १९६८, दिग्दर्शक किंजी फुकासाकू. पार्सल वेळेत आलं, सीलबंद होतं. डबीवर मुख्य भूमिकेतल्या अकिहिरो मारुयामाचा फोटोही बरोबर होता.

शनिवारी रात्री चार मित्रांना जेवायला बोलावून डिस्क लावली, तर पडद्यावर दुसरीच नटी, माचिको क्यो! आणि थोड्या वेळाने चक्क गाणी-नाच. डबीत १९६२चा, उमेत्सुगु इनोऊएंचा चित्रपट निघाला. मी मित्रांना आधीच सांगून ठेवलं होतं, “शेवटाकडे माणसांचे पुतळे येतील, त्यातला एक नीट बघा, तो खुद्द मिशिमा आहे, मूळ नाटकाचा लेखक.” पुतळे आले, मिशिमा काही आला नाही. त्यावरून आजही माझी खेचतात.

सोमवारी तुमच्या कस्टमर केअरला फोन केला. उत्तर मिळालं, “सर, नाव सेम आहे, स्टोरी पण सेम आहे ना?” फोनवर मला धड समजावता आलं नाही, म्हणून लिहून कळवतो.

स्टोरी सेम आहे, हे खरं. एदोगावा राम्पोंची १९३४ची कादंबरी, तिच्यावरून युकिओ मिशिमांनी लिहिलेलं नाटक, आणि त्या नाटकावरून हे दोन्ही चित्रपट. पण १९६८च्या चित्रपटात हिरे पळवणाऱ्या ‘काळा सरडा’ नावाच्या बाईची भूमिका एक पुरुष करतो. तोच मारुयामा, पुढे मिवा या आडनावाने प्रसिद्ध झालेला. त्याच वर्षी त्याने रंगमंचावरही हीच भूमिका केली होती. मूळ कथेतच कोण कुठल्या सोंगात आहे याचा पत्ता लागत नाही. त्यात ती चोर बाई आणि तिच्या मागावरचा गुप्तहेर अकेची एकमेकांच्या प्रेमात पडतात. मारुयामा नुसता जिन्यावरून उतरला तरी बघणाऱ्याला कळतं, की या बाईचं सगळं अस्तित्वच एक वेषांतर आहे. त्यासाठी वेगळा संवाद लागत नाही. लोक हा चित्रपट पुन्हा पुन्हा बघतात ते याच्यासाठी, आणि मी पैसे मोजले तेही याच्याचसाठी. माचिको क्यो मोठी नटी आहे, ‘राशोमोन’मधली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी तिला मागवलं नव्हतं, एवढंच.

जाता जाता, डबीच्या मागे छापलंय, ‘एडगर ॲलन पो यांच्या कथेवर आधारित’. ही चूक कशी झाली असेल ते मला कळतं. कादंबरीच्या लेखकाचं, म्हणजे राम्पोंचं, खरं नाव हिराई तारो. अमेरिकन लेखक पोवरच्या प्रेमापोटी त्यांनी त्याच्याच नावाचा जपानी उच्चार टोपणनाव म्हणून घेतला. ‘एदोगावा राम्पो’ भरभर म्हणून बघा. गंमत आहे खरी, पण छापण्याआधी कुणीतरी वाचायला हवं होतं.

आता मुद्दा पैशांचा. ‘सील तोडलंय, परत घेता येणार नाही,’ असं तुमच्या माणसाने सांगितलं. सील न तोडता आत कुठला चित्रपट आहे हे कसं ओळखायचं, तेही सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जाहिरातीत सांगितलेल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, असं ई-कॉमर्सचे २०२०चे नियम सांगतात. त्याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माझ्या दोन ईमेलची पोचसुद्धा अजून आलेली नाही.

तरी १९६८ची डिस्क पाठवावी, आणि पाठवण्याआधी ती एकदा लावून बघावी. ती नसेल तर पूर्ण पैसे परत करावेत. आधीची डिस्क नेण्याचा कुरिअरचा खर्च तुमचा. पंधरा दिवसांत काहीच झालं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. पावती, डबीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि श्रेयनामावलीचा स्क्रीनवरचा फोटो सोबत जोडला आहे.

१९६२ची डिस्क तुम्हाला परत नको असेल तर मी ठेवून घेईन. पण मग ती भेट धरेन, बदली नाही.

आपला,
एक ग्राहक, पुणे