त्याला बोलायला सवड दे

परभणी

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर "पोरगं दीड वर्षाचं झालं, अजून 'आई' म्हणंना" म्हणालास, तेव्हापासून तुझाच विचार चाललाय. कुणी म्हणतं वेखंड चाटवा, कुणी म्हणतं जिभेखालची तार कापा. वेखंडानं वाचा फुटत नाही. तार असली तरी तिच्यामुळं पहिला शब्द अडत नाही, उच्चाराची अडचण वेगळी.

आधी कान तपासून घे. कुकरच्या शिट्टीला दचकतो म्हणून ऐकू येतं, असं धरून चालू नकोस. मोठा आवाज कळतो आणि 'स', 'फ' निसटतात, असं होऊ शकतं. ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या यंत्रावरच्या तपासण्या, त्यांत पोराला काही सांगावं लागत नाही. बेरा तर झोपेतच करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, ताईंना विचार. त्यांची फेरी यायला वेळ असेल तर सरळ बालरोगतज्ज्ञाकडं जा. "बापही उशिराच बोलला" म्हणत दोन वर्षांचा होईपर्यंत थांबू नकोस.

वहिनी त्याच्याशी कन्नड बोलतात म्हणून तो गोंधळतो, हे साफ चूक आहे. उदगीर-देगलूरकडं कितीतरी पोरं दोन भाषांत वाढतात. वहिनींनी माहेरच्याच भाषेत भरभरून बोलावं.

पोळ्याला तुझ्याकडं आलो तेव्हा त्यानं मातीच्या बैलाकडं बोट केलं, तुझ्याकडं पाहिलं, पुन्हा बैलाकडं. दोस्ता, ते बोलणंच होतं! मला फार बरं वाटलं ते पाहून. पण चौघं एकदम बोलले, कुणीतरी बैल हातात कोंबला आणि त्याचं म्हणणं तिथंच राहिलं. अशा वेळी त्याच्यासमोर खाली बस. "बैल!" म्हण आणि थांब, मनात पाचपर्यंत मोज. तो "बऽ" करील, हंबरेल, नुसता हसेल. तेच उत्तर समज आणि एक शब्द वाढव, "हो, पांढरा बैल!" मात्र "पाणी म्हण, मगच देतो" असली अडवणूक नको. पेला देताना तूच "पाणी" म्हण.

जेवताना मोबाईल बंद. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय, या वयात स्क्रीन नकोच; दोन वर्षांच्या पोरालाही तासाभराच्या आतच. त्यापेक्षा काकू भाकरी थापतात तेव्हा पिठाचा गोळा त्याच्या हातात दे. थप थप, गरम, फूऽ... काकूंच्या तोंडून हे रोज ऐकेल.

तपासणीची तारीख ठरली की कळव. मी येतो, सोबत जाऊ. काकूंना नमस्कार, पोराला गोड पापा.

तुझाच,
परभणीकर